मोठीपेक्षा एक कमी

आमच्या घराण्यात माझ्या मोठ्या जावेच्या कमरेला जेवढा मान आहे, तेवढा जावयांनाही नाही. लग्न असो, बारसं असो, कुणाची तेरवी असो, आधी तिची खुर्ची येते. खुर्चीवर उशी येते. मग कुणीतरी पंखा तिकडे वळवतं. मग बाया एकेक करून जवळ येतात आणि आवाज बारीक करून विचारतात, "आता कसं हाये कमरीचं?" आणि बाई, म्हणजे मोठ्या जावेला मी बाईच म्हणते, अशी काही मान हलवते की विचारणारीच्याच डोळ्यांत पाणी यावं. तिचा एमआरआय अकोल्यापासून तिवशापर्यंतच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांनी उजेडात धरून पाहिलेला आहे. मणक्यातली गादी सरकली म्हणजे नेमकं काय झालं, ते आमच्याकडची लहान पोरंसुद्धा सांगतील.

मला या कमरेचा फार राग यायचा. राग कसला, सरळच सांगते, मी जळायची.

कारण दुखत मलाही होतं. ती अकोल्याला, मी अमरावतीला. तिची कंबर गेली त्याच्या आगेमागेच माझा उजवा खांदा धरला. मी घरी ब्लाउज शिवते, लग्न होऊन आले तेव्हापासून. मान खाली, खांदे पुढे, आणि लग्नसराईत तर मशीनवरून उठायची सोय नाही. आधी खांदा नुसता जड व्हायचा. मग मानेपासून कोपरापर्यंत चमक निघायला लागली, मग बोटांना मुंग्या. एका डॉक्टरला दाखवलं. त्यानं गोळ्या दिल्या आणि शिवण कमी करा म्हणाला. मी गोळ्या घेतल्या आणि शिवण तेवढंच ठेवलं. बाम चोळला की आमचे हे म्हणायचे, "लय वास येते वं, तिकडं तोंड करून झोप." झाली माझ्या खांद्याची विचारपूस.

सांगणार कुणाला? दुखण्याची आमच्या घरात एकच गादी होती आणि तिच्यावर मोठी बसलेली होती. एकदा धीर करून नणंदेजवळ बोलले, की माझा खांदा फार दुखतो हो. तर ती म्हणते, "तुह्यं बरं हाये वं, खांदाच हाये. मोठीसारखी कंबर गेली असती तर?" मी म्हटलं, हाव, तेही खरं आहे. आणि तिच्या ब्लाउजला हुक लावत बसले.

आमच्या सासूबाईंचा एक कायदा होता. त्या गेल्या, कायदा राहिला. मोठीला जे असेल त्यापेक्षा धाकटीला जरासं कमी. पाटल्या घडवल्या तर मोठीच्या जाड. साड्या आणल्या तर आधी तिनं निवडायची, उरलेल्यांतली माझी. हळदीकुंकू आधी तिला. तिच्याकडे मोठा फ्रिज आला त्या वर्षी आम्हीही फ्रिज घ्यायला गेलो, मोठा घ्यायची ऐपत होती, तरी दुकानात पाय ठेवताच आमचे हे म्हणाले, लहानातले दाखवा. कुणी कुणाला दटावलं नाही, कुणी भांडलं नाही, ते अंगातच भिनलेलं होतं. मी तशी गरीब गाय नाही. ऑटोवाल्याशी भांडते, अस्तराच्या कापडात खोट निघाली तर दुकानदाराचं दुकान डोक्यावर घेते. पण या कायद्यापुढे माझं तोंड कधी उघडलं नाही.

तो एकदाच मोडला, आणि तोही तिच्या कमरेमुळेच. महालक्ष्म्या माझ्याकडे आल्या.

आमच्या महालक्ष्म्या पितळी मुखवट्यांच्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. भाद्रपदात तीन दिवस उभ्या राहतात, आणि घराण्याच्या म्हणून एकाच घरी उभ्या राहतात, मोठीच्या. सारं खटलं तिथे जमतं. पण बाईला खाली बसवेना, वाकवेना, तेव्हा सगळ्यांनी बसून ठरवलं आणि मुखवट्यांची पेटी अमरावतीला आली. त्या तीन दिवसांत मी कोण असायची म्हणून सांगू! "काकू, हिंग कुठं हाये?" "मामी, आंबील झाली का?" "काकूले विचारा, काकूले माहीत." सोळा भाज्या मी चिरायची, पुरण मी वाटायची, आंबील मी ढवळायची, वर बांधायच्या फुलोऱ्याच्या करंज्याही मीच तळायची. दुसरीला हात लावू द्यायची नाही. बाई खुर्चीवर बसून पाहायची. मी पदर सावरून आधी तिच्या पाया पडायची, प्रसादाचं पहिलं ताट तिला द्यायची, आणि मनात म्हणायची, पाहा, पाहा नीट.

मग पुढचा पंधरवडा मला स्वतःची वेणी घालता यायची नाही. गोळ्या वाढायच्या. पण ते कुणाला दिसत नव्हतं आणि मला दाखवायचंही नव्हतं. तेवढी किंमत मी हसत मोजत होते.

आणि मग तिच्या सुनेनं तिच्या मोबाईलमध्ये ते ॲप टाकून दिलं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. म्हटलं, एमआरआय झाला, आता मोबाईल झाला. प्रकार असा होता, की काही दिवसांनी एकदा पुण्याची एक डॉक्टरीण फोनवर दिसायची, तपासायची, बोलायची. आणि मधल्या दिवसांत फोनमधूनच एक बाई बोलायची, जी बाई नव्हतीच, सॉफ्टवेअर होतं. चांगलं मराठी बोलायचं. सकाळी विचारायचं झोप कशी झाली, दुखणं शून्य ते दहा यात किती आहे. फोन समोर उभा करून ठेवला की कॅमेऱ्यातून बघायचं, पाय किती उचलला, कंबर कुठे अडली, आणि त्यावरून उद्या काय करायचं ते ठरवायचं. आमच्या बाईनं त्या सॉफ्टवेअरचं नाव ठेवलं मोबाईलवाली. रोज सकाळी आमचा फोन व्हायचा, तो आधी भाजी आणि सुना यांवर चालायचा. आता सुरुवातच, "माह्या मोबाईलवालीनं काय सांगतलं आज, आइक."

मी ऐकायची. एका हातानं काज करायची आणि ऐकायची.

थोड्याच दिवसांत बाई जिना उतरून भाजी आणायला जायला लागली. मग म्हणे ओट्याजवळ उभी राहून पोळ्या केल्या. आणि एक दिवस सुनेनं घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. बाई जमिनीवर मांडी घालून बसली आहे, एक हात पाटावर टेकते, गुडघ्यावर येते आणि उठते. कुणाचाही हात न धरता. ग्रुपवर नुसता टाळ्यांचा पाऊस. वरुडची, मूर्तिजापूरची, जी माणसं मेल्याजिवंताची खबर घेत नाहीत तीही "वा वा वहिनी" करायला लागली. मी लिहिलं, "खूप छान बाई", पुढे हात जोडले, आणि फोन चिंध्यांच्या टोपलीत फेकून दिला.

तिला बरं वाटावं असं मला वाटत होतं. खोटं कशाला बोलू. पण इतकं नाही.

दुखत होती तेव्हा सगळे तिच्याच भोवती, आता बरी झाली तर बरी झाली म्हणून सगळे तिच्याच भोवती. आणि इथे माझ्या हातून कात्री गळून पडते तर आमचे हे म्हणतात, "आवाज कमी कर, बातम्या पाहून राहिलो."

मग तो फोन आला. नेहमीसारखाच सकाळी. बाई म्हणाली, "आइक, औंदा महालक्ष्म्या अकोल्याले आनाच्या. मले आता जमते."

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. मी म्हटलं, "हाव न बाई. तुमच्याच हायेत." आवाज माझाच होता का कुणास ठाऊक. फोन ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन मुखवट्यांच्या पेटीकडे पाहत बसले. आमचे हे आले, त्यांना सांगितलं, तर म्हणतात कसे, "चांगलं झालं, तुह्या मागची कटकट गेली." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! त्या दिवशी त्यांना मी सगळ्यात करपलेली पोळी वाढली. त्यांनी ती लोणच्याशी खाल्ली आणि हूं की चूं केलं नाही, त्याचा मला आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी मी बाईच्या सुनेला फोन केला. म्हटलं, माझ्या एका गिऱ्हाइकाची मान दुखते, तिला ते ॲप पाहिजे. तिनं लगेच पाठवून दिलं. गुणी पोरगी, काही विचारलं नाही.

माझा हिशेब साधा होता. तिला जमलं तर मला तिच्याआधी जमेल. खांदाच तर आहे! महालक्ष्म्यांच्या आत मी ठणठणीत होईन, अकोल्याला जाईन, आणि मग बघू कोण कुणाला हिंग विचारतं.

दुपारी हे झोपले की मी स्टुलावर तांब्या ठेवून त्याला फोन टेकवायची आणि पुढे उभी राहायची. एकदा यांची झोप मोडली. मी दोन्ही हात आडवे करून उभी. म्हणाले, "काय करून राहिली?" मी म्हटलं, "रील." ते पुन्हा झोपले.

मोबाईलवाली माझ्याशीही तशीच बोलायची, गोड, घाई नाही. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताई, बरं वाटल्यावर तुम्हाला काय करता यायला हवंय?" असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी तिच्याकडे, म्हणजे फोनकडे, पाहत राहिले आणि एकदम बोलून गेले, "महालक्ष्म्या." ती म्हणाली, "म्हणजे पूजेची तयारी आणि स्वयंपाक का?" मी म्हटलं, "हाव." तिनं ते लिहून घेतलं. मग तिनं विचारलं, "आज दुखणं शून्य ते दहामध्ये किती आहे?"

आणि इथे माझं घोडं अडलं.

किती म्हणजे? सकाळच्या फोनवर बाईनं सांगितलं होतं, "आज पाच हाये माहा." आता मोठीचा पाच आहे. तिचा एमआरआय झालेला आहे, तिच्या मणक्यातली गादी सरकलेली आहे. तिचा पाच, तर माझ्यासारखीचा किती असावा? मी म्हटलं, चार.

हे मी मुद्दाम केलं असं नाही. तोंडातून तेच निघालं. साडी उचलताना माझा हात जसा आपोआप दुसऱ्या थप्पीकडे जातो, तसंच. आणि मग ते रोजचंच झालं. सकाळी फोनवर मी तिला सहज म्हणून विचारायची, "आज किती म्हनते तुमची कंबर?" ती चार म्हणाली की दुपारी माझा तीन. आणि त्यात मला गंमतही वाटायला लागली होती, कारण कमी आकडा म्हणजे जास्त बरं. कायद्यानं मी तिच्या एक पाऊल मागे, आणि बरं होण्यात एक पाऊल पुढे! असं कधी आयुष्यात मिळालं होतं?

मोबाईलवालीनं मात्र माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. म्हणाली, "छान प्रगती आहे ताई," आणि व्यायाम वाढवला. हात भिंतीवर चढवत न्या, आता पाण्याची बाटली घेऊन न्या, आता थांबून धरा. मी दात चावून धरायची. रात्री कुशीवर वळता येत नव्हतं. बोटं अशी बधिर, की सुईत दोरा ओवायला मी शेजारणीला हाक मारायला लागले. आकडा मात्र खाली. बाई तीनवर आली, मी दोनवर आले.

मग डॉक्टरीण फोनवर दिसली. तरुण होती, केस वर बांधलेले. म्हणाली, "काकू, तुमचं दुखणं दोन आहे ना? मग उजवा हात कानाजवळ न्या बरं." मी नेला. खांद्याच्या रेषेशी येऊन अडकला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते लिहिण्यासारखं नाही.

ती हसली नाही. म्हणाली, "सॉफ्टवेअरनं माझ्यासाठी खूण करून ठेवली होती. हात वर जात नाहीये, चेहरा आवळला जातोय आणि आकडा मात्र रोज कमी होतोय. काकू, खरा आकडा किती आहे?"

म्हणजे मोबाईलवालीनं चहाडी केली होती. मला इतका संताप आला! मी म्हटलं, "आधी आमच्या जाऊबाईचा किती हाये ते सांगा. अकोल्याच्या. कमरीच्या. तुमच्याचकडे हायेत."

"काकू, दुसऱ्या पेशंटचं मला सांगता येत नाही. आणि त्यांच्या आकड्याचा तुमच्या खांद्याशी काय संबंध?"

काय संबंध! पुण्याच्या बाईला आता काय सांगणार होते मी? तिनं सगळे जड व्यायाम बंद केले. बोटं बधिर होतात तर अमरावतीतच एखाद्या डॉक्टरला समोर बसून हात दाखवा, ते फोनवर कळण्यासारखं नाही, असं दोनदा बजावलं. आणि म्हणाली, मला नाही सांगितलं तरी चालेल, पण मोबाईलवालीला खरं सांगा, नाहीतर तिला कळणार कसं किती झेपतं ते. मी हो हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाईचा पुन्हा तीन होता. मी पुन्हा दोन सांगितला. मोबाईलवाली जराशी थांबली, निदान मला तसं वाटलं, आणि म्हणाली, "ठीक आहे ताई, आज आपण फक्त श्वासाचा व्यायाम करू." माझ्यावरचा तिचा विश्वास उडालेला होता.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी आम्ही बडनेऱ्याहून गाडीत बसलो. पेटी मी मांडीवर घेतली. हे म्हणाले, वर ठेव, मी ठेवली नाही. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, माझी मांडी बधिर झाली, पण पेटी मी सोडली ती बाईच्या दारातच. तिनं दोन्ही हातांनी घेतली. वाकून घेतली. नीट, गुडघ्यातून. मला तेही खुपलं.

आणि तिच्या घरात मी जे पाहिलं, त्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

भासरे, म्हणजे तिचे मालक, ज्यांनी जन्मात पाण्याचा पेला उचलला नाही, ते पेपर पसरून दोडके चिरत बसले होते. पुरण सुनेकडे. आंबील शेजारच्या काकूंकडे. बाई एका उंच स्टुलावर बसून थोडी कढी ढवळायची, मग उभी राहायची, मग चार पावलं चालायची. मधेच फोनमधून मोबाईलवालीची घंटी वाजायची, ती पळी खाली ठेवायची आणि आतल्या खोलीत सतरंजीवर जाऊन आडवी व्हायची. भर स्वयंपाकात! घरात पाहुणे, दारात चपलांचा ढीग, आणि घरची मोठी सून दिवसाढवळ्या आडवी. कुणी काही म्हणेना. तिची सून म्हणायची, "आईंची वेळ झाली," आणि सगळे आवाज कमी करायचे.

हे असं चालत असतं तर मीही केलं असतं! माझ्या घरी पुरणयंत्राचा दांडा फिरवताना हात लुळा पडायचा, तेव्हा मी मोरीत जाऊन गार पाणी मारून यायची, कुणाला दिसू नये म्हणून. आणि हिला उभं राहण्याचाही मान, आडवं होण्याचाही मान.

मग मीही हट्टाला पेटले. पूजनाच्या दिवशी सकाळपासून पोळ्या लाटायला बसले ती उठलेच नाही. सून म्हणे, द्या काकू मी लाटते. मी म्हटलं, तू बस. "काकूच्या हातची पोळी न्यारीच," असं कुणी म्हटलं की मी आणखी जोरात लाटायची. हात कोपरापासून खाली माझा आहे की नाही ते कळेनासं झालं होतं.

दुपार कलली तेव्हा फुलोरा बांधायचा होता. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर आडवी काठी, तिला करंज्या, सांजोऱ्या दोऱ्यानं टांगायच्या. दरवर्षी मी बांधते, तेव्हा मीच पुढे झाले. पाटावर चढले, दोरा धरून उजवा हात वर केला. खांद्यात अशी काही चमक निघाली की डोळ्यांपुढे अंधारी आली. दोरा सुटला. करंज्या महालक्ष्म्यांच्या पुढ्यात पडल्या, फुटल्या, सारण आरासीच्या पायऱ्यांवर सांडलं.

फुलोरा पडणं म्हणजे केवढा अपशकुन, ते तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. सून म्हणाली, "असू द्या काकू, दुसऱ्या आहेत तळलेल्या." मी पाटावरून उतरले. कुणाकडे पाहायची सोय नव्हती. मरण आलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, "धाकटे, इकडं ये."

मी गेले. ती सतरंजीवर आडवी, गुडघ्यांखाली लोड. "दार लोट," म्हणाली. मी दार लोटलं. मला वाटलं, आता बोलते चार शब्द.

तर ती म्हणाली, "तुहा किती हाये आज?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. सून गुणी होती, पण मुकी नव्हती. मी सवयीनं विचारलं, "तुमचा किती हाये?"

"सात."

मला वाटलं थट्टा करते. "काल त तीन म्हने तुमी!"

"तुले म्हनो तीन."

"अन् मोबाईलवालीले?"

"तिले खरं सांगते मी. थे काय महालक्ष्म्या मांगते का माह्याजवळून?"

मी खाली बसले. म्हटलं, "मंग हे उठनं, बसनं, जिना उतरनं, थे काय होतं?"

"उठते, बसते, अन् दुखते. दुखनं जाईन असं तिनं कवाच म्हटलं नाई. म्हने दुखायच्या आंधी थांबत जा. मी थांबते. तेवढंच हाये."

"काहून लपवलं मंग माह्यापासून?"

ती छताकडे पाहत म्हणाली, "सात सांगतला असता त तू महालक्ष्म्या देल्या असत्या का? म्हनली असती, राहू द्या बाई, तुमी आराम करा, मीच करते." मी अगदी हेच म्हणाले असते, शब्दन् शब्द. "खुर्चीवर बसून बसून पाह्यलं मी तुले. सारे तुह्याच मागं. काकू हिंग, काकू तूप. मले कोनी चमचा बी मांगे ना. कंबर कशी हाये, बस, झालं. आग पडे माह्या जिवाची. एका वर्षी त मी म्हटलं, हिची आंबील बुडाले लागली पायजे."

एका वर्षी ती लागली होती. मला चांगलं आठवत होतं.

मला हसू यावं की रडू, ते कळेना. म्हणजे ती तिकडे खुर्चीत बसून जळत होती आणि मी इकडे चुलीपाशी. तिनं मला खोटा आकडा सांगायचा, आणि मी त्या खोट्यातून एक वजा करून मोबाईलवालीला सांगायचा.

"आता सांग," ती म्हणाली, "खरा सांग. किती?"

सात उणे एक. सहा माझ्या ओठांवर आलेला होता. तिची कंबर आहे, तिचा एमआरआय आहे, ती मोठी आहे. बाहेर कुणीतरी फुटलेल्या करंज्या भरत होतं, झाडूचा आवाज येत होता. माझा हात मांडीवर पडलेला होता आणि बोटं मिटता येत नव्हती.

"आठ," मी म्हटलं.

बाई कोपरावर उठली. "आठ?" तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "माह्याहून जास्त? तुहा कसा काय आठ?" खरंच सांगते, तिला झोंबलं होतं. मी तो चेहरा ओळखला, इतकी वर्षं मी तोच घालून फिरत होते.

"आठच हाये," मी म्हटलं. "काल बी होता. परवा बी होता."

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. मग कण्हत कण्हत भिंतीकडे सरकली आणि मोकळ्या झालेल्या सतरंजीवर हात आपटला. "मंग बसली काहून? पड इथं."

मी पडले. पाठ जमिनीला टेकली तेव्हा तोंडातून "माय वं" निघालं, आणि ते मी दाबलं नाही.

बाहेरून सुनेनं हाक मारली, "काकू, नैवेद्याचं ताट भरायचं आहे, येता का?"

मी उठायला गेले. बाईनं माझा पदर धरला आणि तिथूनच म्हणाली, "थे निजली हाये. ताट तुमीच भरा. तिले दुखते."

बाहेरून आमच्या यांचा आवाज आला, "तिले? तिचं काय दुखते?"

बाई तोंड उघडणार, तेवढ्यात मी आतूनच, महालक्ष्म्यांसकट साऱ्या घराला ऐकू जाईल अशी ओरडले, "खांदा दुखते माहा! उजवा!"